मठांच्या स्वयंपाकघरातलं क्योतो

आपल्याकडे व्हीगन माणूस अडतो तो दूध, दही, तुपापाशी. क्योतोत यातलं काहीच आड येत नाही; जुन्या जपानी स्वयंपाकात दुधाला फारशी जागाच नव्हती. तिथे आड येते ती दाशी. सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा, बुडवून खायचा सॉस, या सगळ्यांच्या मुळाशी हा पातळ अर्क असतो. तो बहुधा कात्सुओबुशीचा, म्हणजे धुरी देऊन, वाळवून टणक केलेल्या बोनिटो माशाच्या किसाचा. वाटीत फक्त वांगं किंवा मुळा दिसतो, मासा दिसत नाही.

विद्यार्थी असताना मी इथे आले होते तेव्हा सगळं खात होते. त्या वेळी या शहराने जीव लावला तो बागांनी, जुन्या लाकडी घरांनी आणि कामो नदीने. तुळशीच्या लग्नानंतर आमचं लग्न लागलं आणि मधुचंद्रासाठी मी दुसऱ्या गावाचं नाव घेतलंच नाही. मधल्या काळात मी व्हीगन झाले. माझ्या जेवणासाठी कुठल्या प्राण्याला इजा व्हावी, हे मला आता सोसत नाही. नवरा मात्र कोकणातला, मासळीवर वाढलेला. आम्ही पोहोचलो तेव्हा मेपलची पानं लालभडक झाली होती. संध्याकाळी सान्जो आणि शिजो या दोन पुलांमधल्या नदीकाठावर जोडपी सारखं अंतर राखून ओळीने बसतात, त्या ओळीत आम्हीही बसलो. मधुचंद्राला इथे यायला एवढं कारणही पुरे आहे. पण मला सांगायचं आहे ते शहराच्या वेगळ्या श्रीमंतीबद्दल. मांस-मासळीविना रांधलेलं अन्न ही क्योतोत पर्यटकांसाठी आलेली नवी टूम नाही, ती इथली शेकडो वर्षांची विद्या आहे.

इ. स. ७९४ मध्ये वसलेली ही राजधानी समुद्रापासून दूर होती. ताजी मासळी इथे सहज पोहोचत नसे. होक्काइदोचं कोम्बू हे समुद्रशैवाल मात्र वाळवलेलं असल्याने लांबचा प्रवास करू शके. जहाजांनी जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरून ते बिवा सरोवराच्या वाटेने क्योतोत येई. इथलं भूजल मऊ, त्यामुळे कोम्बूचा स्वाद पाण्यात चांगला उतरतो आणि तोफूही उत्तम होतं. क्योतोतच जन्मलेल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोम्बूच्या अर्कातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. कोम्बू आणि वाळवलेले शिताके मश्रूम यांची दाशी असली की माशाची उणीव भासत नाही. नवऱ्याचंही हेच मत झालं.

ही विद्या जपली झेन मठांनी. दोगेन या क्योतोत जन्मलेल्या भिक्षूंनी १२३७ मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी ‘तेन्झो क्योकुन’ लिहिलं. चीनमध्ये भेटलेल्या एका वृद्ध स्वयंपाक्याची आठवण त्यात आहे. भर उन्हात तो मश्रूम वाळवत होता आणि ते काम दुसऱ्या कुणावर सोपवायला तयार नव्हता. रांधणं हीच साधना, अशी ही धारणा. मठांतल्या या जेवणाला शोजिन र्‍योरी म्हणतात. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या मराठी घरांना ते चटकन समजेल, कारण शोजिनमध्येही कांदा आणि लसूण चालत नाही.

आराशियामातल्या तेन्र्‍यूजी या १३३९ मध्ये स्थापन झालेल्या मठाच्या आवारात शिगेत्सु नावाचं भोजनगृह आहे. लाल पट्टीवर ओळीने बसायचं, समोर लाल लाखेच्या वाट्या. गोमादोफूला तोफू म्हणत असले तरी त्यात सोयाबीन नसतं. तीळ वाटून, कुझूच्या कंदाच्या सत्त्वात घोटून ते थिजवतात. युबा म्हणजे तापवलेल्या सोया दुधावर धरलेली पापडी, अगदी आपल्या सायीसारखी. दूध सोडल्यापासून सायीची आठवण मला बरेचदा येते, म्हणून युबा मी सावकाश खाल्ला.

नान्झेन्जी मठाच्या परिसरात युदोफू मिळतं. कोम्बूच्या पाण्यात उकळत ठेवलेलं हे तोफू निर्धोक वाटतं, पण सोबतच्या सॉसमध्ये बोनिटो असू शकतो. तो बाजूला ठेवून साधा सोया सॉस मागावा. मंदिराजवळचं जेवण म्हणजे शोजिनच, असं धरून चालू नये.

निशिकी बाजाराला मात्र अर्धा दिवस द्या. सुमारे चारशे मीटरची छपराखालची गल्ली. दोन्ही बाजूंना तोफू, युबा, लोणची, गोलमटोल कामो वांगी. मासेही भरपूर. १७१६ मध्ये इथल्याच एका भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याच्या घरी इतो जाकुचू जन्मला. चाळिशीपर्यंत त्याने दुकान सांभाळलं, मग पूर्णवेळ चित्रकार झाला. त्याच्या एका चित्रात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचा प्रसंग आहे, पण उलट्या टोपलीवर आडवा झालेला बुद्ध म्हणजे एक पांढरा मुळा, आणि भोवती शोक करणारी सृष्टी म्हणजे भाज्या आणि फळं. ते क्योतो राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहे. ही थट्टा आहे असं मला वाटत नाही. रोज हाताखालून जाणाऱ्या मुळ्यातही बुद्धत्व पाहणारा हा माणूस होता, आणि भाजीवर एवढं प्रेम करणारं दुसरं चित्र मला माहीत नाही.

नवविवाहितांनी चुकवू नये तो मठ शहराबाहेर, उजीत आहे. चीनमधून आलेल्या इंगेन या भिक्षूंनी १६६१ मध्ये मान्पुकुजी स्थापला आणि फुचा र्‍योरी ही वेगळी रीत रूढ केली. शोजिनचं ताट प्रत्येकाचं स्वतंत्र असतं. फुचात एका टेबलाभोवती बसून सगळ्यांनी एकाच थाळीतून वाढून घ्यायचं. तळलेल्या लोणच्याच्या फोडी, भाज्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं दाट सार, आणि नोरी या समुद्रशैवालाच्या पापुद्र्यावर तोफू व किसलेला कंद थापून, तळून, गोडसर सॉस लावलेली ईल माशाची नक्कल. मासे जाणणाऱ्या नवऱ्याने ती आधी निरखली, मग खाल्ली, आणि माझ्या वाटच्या तुकड्याकडे बघितलं. मी तो दिला. फुचासाठी आधी नोंदणी लागते. क्योतो स्टेशनहून नारा मार्गावरच्या गाडीने ओबाकूला उतरलं की मठ चालत काही मिनिटांवर आहे. जोडीतलं एकच जण व्हीगन असेल, तर सुरुवात इथूनच करा.