चांदीच्या कापडाला विचारायचा प्रश्न

मागच्या लेखांकात टीसीएल, म्हणजे क्लोरीन सोडणारी ब्लीचिंग पावडर, पाण्यात काय करते ते पाहिलं. चांदीचे सूक्ष्म कण बसवलेल्या कापडाकडे आज वळू. मुळशीत या कल्पनेची भुरळ पडणं स्वाभाविक आहे. धरणाचं पाणी १९२७पासून सह्याद्री उतरून भिऱ्याला वीज करतं. पण डोंगरावरच्या वाडीची भिस्त झऱ्यावर नाहीतर विहिरीवर, आणि ताम्हिणीकडच्या पावसात दोन्ही गढूळ होतात. वीज नको, वास नाही, हंड्याच्या तोंडाला फडकं बांधलं की झालं! कापडाची ताकद खोटी नाही. बांगलादेशातल्या मतलबमध्ये रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला लावलं, तेव्हा कॉलरा जवळपास निम्म्यावर आला; २००३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र तिथे कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक प्लवकांना चिकटलेले होते आणि साडीने अडवले ते प्लवक. सुटा जंतू साधारण एक-दोन मायक्रॉनचा. साडीच्या विणीतून तो सहज निसटतो.

मग त्याला चांदी मारेल ना? मारेल, पण वेळ घेऊन. चांदीचे आयन जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला धरतात आणि त्यांचं काम थांबवतात. फडक्यातून पाणी मात्र काही क्षणांत खाली उतरतं. ‘९९.९ टक्के जंतुनाश’ हा दावा ऐकला की चाचणी कशी झाली ते विचारावं. कापडासाठी रूढ असलेल्या ‘एएटीसीसी १००’ पद्धतीत जंतू कापडावर २४ तास ठेवतात. अंगरख्यासाठी हे ठीक आहे, गाळण्यासाठी त्यावरून काहीच ठरत नाही. कुणी म्हणेल, पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रातल्या कामातून आलेल्या, २००९च्या ‘टाटा स्वच्छ’ या जलशुद्धीकरण यंत्रातही चांदीच होती. होती, पण तिथे पाणी भाताच्या तुसाच्या राखेच्या दाट थरातून सावकाश झिरपत होतं, आणि ठरावीक लिटर झाले की त्यातला गाळणीचा ‘बल्ब’ पाणी सोडणंच बंद करत होता. फडक्यातली चांदी संपली तरी ते तसंच दिसतं. शिवाय गाळ आणि सेंद्रिय द्रव्य चांदीला निकामी करतात, म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हाच ती सर्वांत दुबळी.

टीसीएलचा वास नकोसा होतो, दमट हवेत पावडरीचा जोर उतरतो, हे आक्षेप खरे आहेत. तरीही क्लोरीन उरलं आहे की नाही हे ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टच्या पिवळ्या रंगात घरच्या घरी दिसतं. चांदीसाठी अशी सोय वाडीवर नाही. म्हणून क्रम असा हवा : आधी साध्या सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळणं, कारण गाळ क्लोरीनही खातो, मग टीसीएल आणि अर्धा तास थांबणं. चांदीच्या कापडाला जागा त्यानंतर, साठवणीच्या भांड्यात, जिथे पाणी रात्रभर त्याच्या संगतीत राहतं. भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय सापडता कामा नये आणि चांदी लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवी. कापड विकणाऱ्याने हे जुलैतल्या ओढ्याच्या पाण्यावर, कापड महिनाभर वापरून झाल्यावर, दाखवावं; ग्रामपंचायतीने तोवर पैसे मोजू नयेत.