दुसरी टाळू

जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवा आणि हळूहळू मागे सरकवत न्या. आधी खरखरीत वळ्या लागतील, मग गुळगुळीत घुमट सुरू होईल. त्या घुमटाच्या बरोबर मधोमध, पुढून मागे जाणारी एक बारीक रेघ जिभेला जाणवेल. ही आपली टाळू. आता सांगा, तिच्या पलीकडे काय आहे? मला कुणी विचारलं असतं तर मी 'मेंदू' म्हणून मोकळी झाले असते. पलीकडे आहे नाक. तोंडाचं जे छत तीच नाकाची जमीन, आणि दोघांमध्ये जेमतेम काही मिलिमीटर जाडीचं हाड. वरच्या मजल्यावर वारा खेळतो, खालच्या मजल्यावर जीभ राहते. खालचं घर अरुंद असेल तर वरचंही ऐसपैस कुठून असणार?

मराठीत टाळू दोन आहेत. एक तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची, मऊ, लपलपणारी. आजी तिच्यावर तेल घालते, त्याला आपण 'टाळू भरणं' म्हणतो. तिथं कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. साधारण दीड वर्षापर्यंत ती जुळून येतात. दुसरी टाळू तोंडातली. या दोघींना एकच शब्द असावा याचं मला फार अप्रूप वाटतं, कारण ही दुसरी टाळूसुद्धा लहानपणी 'भरलेली' नसतेच. तीही डाव्या-उजव्या हाडांची बनलेली असते. जिभेला लागणाऱ्या त्या रेघेखाली त्यांची शिवण असते आणि ती वयात येईपर्यंत पक्की होत नाही.

दातांच्या डॉक्टरांनी याच कच्च्या शिवणीचा फायदा घेतला, आणि तोही फार पूर्वी. 1860 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन अँजेल नावाच्या दंतवैद्यानं साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत आडवा स्क्रू बसवला. एक चावी तिच्याच हातात दिली आणि स्क्रू सतत घट्ट ठेवत जा म्हणून सांगितलं. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली. अँजेल म्हणाला, दात सरकले नाहीत, जबड्याची दोन हाडंच शिवणीवर उलगडली. व्यवसायबंधूंचा विश्वास बसेना. बसणार तरी कसा? हाडाच्या आत डोकावायचं तर एक्स-रे हवा, आणि त्याचा शोध लागायला अजून 35 वर्षं होती. मग ही कल्पना अमेरिकेत जवळजवळ शंभर वर्षं अडगळीत पडून राहिली. अँड्र्यू हास या दंतवैद्यांनी ती आधी डुकरांवर आणि मग मुलांवर पारखली, आणि 1961 मध्ये एक्स-रेसकट दाखवून दिलं की शिवण खरोखर उघडते आणि तिच्याबरोबर नाकाची पोकळीही रुंदावते.

माझ्या भाचीला नवव्या वर्षी हे यंत्र बसवलं. वरच्या दाढांना धरून बसलेला धातूचा सांगाडा, मध्ये हरभऱ्याएवढा स्क्रू, त्याला टाचणीच्या डोक्याएवढं भोक आणि शेजारी कोरलेला बाण. रात्री जेवण झालं की ती मान मागे टाकून आ करायची. ताई मोबाईलच्या उजेडात भोक शोधून तारेची चावी त्यात घालायची आणि बाणाच्या दिशेनं मागे ढकलायची. पाव फेरा, म्हणजे पाव मिलिमीटर. ‘‘आई, नाकाच्या वर दाबल्यासारखं होतंय गं,’’ असं ती पहिल्या रात्री म्हणाली. आम्हाला ते पोरीचं कुरकुरणं वाटलं. पण तिचं बरोबर होतं. टाळूची हाडं वर नाकाच्या मुळापर्यंत गेलेली असतात, त्यामुळे ताण तिथपर्यंत पोचतो. दहा-बारा दिवसांत तिच्या समोरच्या दातांत तांदळाचा दाणा मावेल एवढी फट पडली, अगदी अँजेलच्या त्या मुलीसारखी.

पण टाळूच्या या रुंदीचा झोपेशी काय संबंध? शहाळं पिताना कागदी नळी भिजली की काय होतं आठवा. जोरात ओढलं की नळी चपटी होते आणि घोट येईनासा होतो. आपला घसा अशीच भिजलेली नळी आहे. नाकाच्या भिंती हाडाच्या आहेत, खाली श्वासनळीला कूर्चेची कडी आहेत, पण मधल्या घशाला हाडाचा आधार नाही. त्याला उघडं ठेवतात फक्त स्नायू, आणि झोपेत तेच सैल पडतात. नाक अरुंद असेल तर हवा जोरानं ओढावी लागते, आणि जेवढी ओढ जास्त तेवढा घसा मिटण्याकडे झुकतो. त्यातून टाळू अरुंद आणि उंच असेल तर जिभेला वर जागा उरत नाही. ती खाली आणि मागे पडते, नेमकी घशाच्या तोंडाशी. आधी घोरणं येतं, मग क्षणभर शांतता, मग दचकून घेतलेला श्वास. मेंदू प्रत्येक वेळी झोप अर्धवट मोडून जीव वाचवतो आणि सकाळी कुणालाच काही आठवत नाही. मूल मात्र चिडचिडं उठतं, वर्गात लक्ष लागत नाही, कधी अंथरूण ओलं होतं. आणि आपण कौतुकानं म्हणतो, बघा कसा गाढ झोपलाय, घोरतोय चक्क!

शिवाय हे चक्र उलटंही फिरतं. मिटलेल्या तोंडात जीभ टाळूला टेकलेली असते आणि बाहेरून गाल दाबत असतात. या दोन दाबांच्या समतोलात जबडा आकार घेतो. नाक चोंदलं, तोंड उघडं राहिलं, की जीभ खाली उतरते. एगिल हार्वोल्ड या संशोधकांनी कॅलिफोर्नियात वाढत्या वयाच्या माकडांची नाकं बंद करून पाहिली, तेव्हा प्रत्येकानं श्वासासाठी आपापली युक्ती शोधली. कुणी जबडा खाली लटकवला, कुणी जीभ पुढे काढली, आणि जशी युक्ती तसे त्यांचे जबडे-दात बदलत गेले. त्या मुक्या जिवांचं वाईट वाटतं. पण चेहरा श्वासानुसार घडतो हे त्यांच्यामुळे डोळ्यांनी दिसलं.

2004 मध्ये रोमच्या दंतवैद्य पाओला पिरेल्ली आणि स्टॅनफर्डचे निद्रातज्ज्ञ क्रिस्तियान गिल्मिनो यांनी 31 मुलांची नोंद प्रसिद्ध केली. झोपेत तासाला सरासरी 12 वेळा त्यांचा श्वास अडत किंवा मंदावत होता. टाळू रुंदावल्यानंतर चार महिन्यांनी हा आकडा एकाच्याही खाली आला. वाचून अंगावर काटा येतो. तरी इथं थांबून नीट पाहायला हवं. या मुलांचे टॉन्सिल-ॲडेनॉइड वाढलेले नव्हते आणि तुलनेसाठी उपचार न केलेला गट नव्हता. ही तुलना का लागते, ते 2013 च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत कळतं. त्यात 5 ते 9 वर्षांची 464 मुलं होती. ज्यांचं टॉन्सिलचं ऑपरेशन न करता फक्त लक्ष ठेवलं, त्यांतल्या 46 टक्के मुलांच्या झोपेच्या तपासण्या सात महिन्यांत आपोआप सामान्य झाल्या. ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण 79 टक्के होतं. म्हणून टॉन्सिल वाढलेल्या मुलानं आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. झोपेतला श्वास खरंच अडतो का, हे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीतच कळतं, आरशात दात बघून नाही. टाळू खरोखर अरुंद असेल तिथंच ही चावी कामाची. नुसते वेडेवाकडे दात सरळ करून घोरणं जाईल, असं कुणी सांगितलं तर मी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेईन.

मोठ्या वयात शिवणीच्या कडा एकमेकींत दातेरी गुंतून बसतात. तिथं टाळूच्या हाडात छोटे स्क्रू रोवून किंवा शस्त्रक्रियेनं वाट काढावी लागते. अनेक प्रौढांसाठी वेगळाच साधा उपाय असतो: रात्री खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवणारं साधन. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला बांधलेला असतो. जबडा पुढे आला की त्यामागून जीभही येते आणि घसा मोकळा होतो.

भाचीचा स्क्रू आता सिमेंटच्या थेंबानं बंद केलाय. दातांमधली फट काही आठवड्यांत आपली आपण मिटली. हिरड्यांतले तंतू ताणलेल्या रबरासारखे दातांना जवळ ओढतात. यंत्र मात्र अजून काही महिने तोंडातच राहणार आहे. परवा डॉक्टरांनी दोन एक्स-रे शेजारी लावून दाखवले. पहिल्यात टाळूच्या मधोमध काळीभोर पाचर होती, पुढे रुंद आणि मागे निमुळती. दुसऱ्यात तीच जागा राखाडी, कडांकडून पांढरी होत आलेली. तिथं नवं हाड धरत होतं. शेजारी बसलेली आई, म्हणजे भाचीची आजी, चष्मा वर करून बघत म्हणाली, ‘‘म्हणजे हिची टाळू भरतेय अजून.’’