अळिंबीयुक्त हॉटपॉट : पोषणमूल्य आणि ढिंगरीचा स्थानिक पर्याय

प्रस्तावना :
चीनमधील ‘हुओगुओ’ व जपानमधील ‘नाबे’ या आहारप्रकारांत उकळत्या रश्श्यात अळिंबी, पालेभाज्या व टोफू शिजवून ते रश्श्यासह सेवन केले जातात. त्यात शिताके व एनोकी या अळिंब्यांचा वापर विशेष आढळतो. कंधार परिसरात त्या सहज उपलब्ध नसल्या, तरी ढिंगरी अळिंबी सोयाबीनच्या काडावर घेता येते. सोयाबीन हे नांदेड-लातूर भागातील प्रमुख खरीप पीक असल्याने या आहाराचा विचार ढिंगरीच्या संदर्भात करणे सयुक्तिक ठरते.

प्रथिनांविषयीचा गैरसमज :
अळिंबीत २० ते ३० टक्के प्रथिने असतात, असे सर्रास सांगितले जाते. तथापि हे प्रमाण शुष्क वजनाचे आहे. ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असल्याने १०० ग्रॅममधून जेमतेम ३ ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढ्याच कोरड्या तूरडाळीत ती सुमारे २२ ग्रॅम असतात. म्हणून वसतिगृहाच्या भोजनात अळिंबी ही डाळीची जागा घेऊ शकत नाही. ती डाळीसोबतच असावी.

आरोग्यविषयक लाभ :
१) अळिंबीत उष्मांक, स्निग्धांश व सोडियम अत्यल्प असून पोटॅशियम व तंतुमय पदार्थ पुरेसे असतात.
२) रायबोफ्लेविन व नायसिन ही जीवनसत्त्वे शिजवताना पाण्यात उतरतात. रस्सा प्यायल्यास ती वाया जात नाहीत. हेच या पाकपद्धतीचे वैशिष्ट्य होय.
३) अळिंबीतील एर्गोस्टेरॉलचे सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे ‘ड-२’ जीवनसत्त्वात रूपांतर होते. त्यामुळे ढिंगरी उन्हात वाळविणे हितकारक ठरते.
४) ग्लुटामेटमुळे अळिंबीला नैसर्गिक स्वाद असल्याने मीठ कमी वापरता येते. मात्र तयार मसाल्यांचा खारट रस्सा हा लाभ नाहीसा करतो.

दक्षता :
अळिंबी पूर्ण शिजवूनच खावी. २०१६ ते २०१९ या काळात अमेरिकेत एनोकीतून पसरलेल्या लिस्टेरिया संसर्गात चार जणांचा मृत्यू झाला होता. पावसाळ्यात रानात उगवणारी अनोळखी छत्री मात्र शिजवूनही खाऊ नये, कारण काही विषारी जातींतील विष उष्णतेने नष्ट होत नाही. वातरक्ताच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

निष्कर्ष :
हॉटपॉटचा आरोग्यलाभ विदेशी अळिंबीपेक्षा पाकपद्धतीत अधिक आहे. ढिंगरी, शेवग्याची पाने व डाळीचे पातळ वरण एकत्र शिजवून रश्श्यासह खाल्ल्यास तो लाभ ज्वारीच्या भाकरीसोबतही मिळू शकतो. गृहविज्ञान व वनस्पतिशास्त्र विभागांनी संयुक्तपणे ढिंगरी लागवडीचे प्रात्यक्षिक घेतल्यास विद्यार्थ्यांना आहारशास्त्र व पूरक व्यवसाय या दोहोंचे ज्ञान मिळेल.