रांगोळींतील गणित

“रांगोळींत कसलें आलें आहे गणित!” असें पुष्कळांस वाटेल. गेल्या दिवाळींत नगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, आमच्या काकूंकडे गेलों नसतों, तर आम्हांसहि तसेंच वाटलें असतें.

काकू यजमानांच्या नोकरीमुळें बरींच वर्षें मद्रासेस होत्या. आपली रांगोळी ठिपके जोडते. तिकडील कोलमांत रेषा ठिपक्यांस न शिवतां त्यांच्यामधून तिरपी जाते, कडेला वळते आणि निघाल्या जागीं परत येते. ती एकसंध असावी, हा काकूंचा आग्रह. हल्लीं हात कांपतो म्हणून त्यांचें कोलम बंद पडलें होतें. नातवानें तोच नियम संगणकास शिकविला. पण चार ओळींत चार-चार ठिपके मांडतांच चार निरनिराळीं वेटोळीं उमटलीं! काकू पाहून म्हणाल्या, “अरे, एक ओळ वाढव.” पांच ओळी होतांच सारी आकृति एका रेषेंत मिटली.

असें कां व्हावें? ओळींची संख्या आणि एका ओळींतील ठिपके यांचा जो दृढभाजक, ज्यास आतां शाळेंत मसावि म्हणतात, तितकींच वेटोळीं होतात. चार व चार यांचा चार. चार व सहा यांचा दोन. चार व पांच यांचा एक. वाचकांनीं पाटीवर पडताळून पाहावें. ओळ वाढविण्यास जागा नसेल, तर काकू दुसरी युक्ति करीत. जेथें दोन वेटोळीं एकमेकांस छेदतात, तेथें रेषांना छेदूं न देतां माघारीं वळवावयाचें. म्हणजे दोहोंचें एक होतें. चारांचें एक करण्यास अशीं तीन वळणें पुरतात. हीं वळणें निरनिराळ्या जागीं घालून नातवाच्या यंत्रानें संध्याकाळपर्यंत शेंकडों नव्या आकृति काढल्या.

विद्वानांनींहि हा विषय क्षुल्लक मानलेला नाहीं. गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी व कमला कृतिवासन या संशोधकांनीं १९७४ सालीं कोलमाचे नियम व्याकरणाच्या सूत्रांप्रमाणें मांडणारा निबंध प्रसिद्ध केला.

नियम सांगितल्यावर यंत्र न थकतां रेखाटतें. पण नियम सांगणारें माणूस घरांतच असतें, आणि तें कायमचें असत नाहीं. काकूंच्या युक्त्या आजवर कोणींच टिपून ठेवल्या नव्हत्या. आतां त्या नातवाच्या वहींत उतरत आहेत. चैत्रांगण, ज्ञानकमळ रेखाटणाऱ्या आपल्या घरच्या वडील स्त्रियांपाशीं असें काय काय आहे, हें विचारण्यास वाचकांनीं पुढच्या सणाची वाट पाहूं नये.