चांदीचे कण, ग्राफीनची चादर आणि आपला कापड बाजार

पाचोडच्या बाजारात आम्ही बरीच वर्षे कापड विकतो. अलीकडे एजंट मंडळी 'नॅनो सिल्व्हर' अशी चिठ्ठी लावलेले मोजे, बनियन, चादरी घेऊन येतात आणि दर चढा मागतात. ही नॅनो चांदी म्हणजे काय, हे आपण व्यापाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. एक ग्रॅम चांदीचा ठोकळा केला तर त्याचा पृष्ठभाग सव्वा चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच चांदीचे दहा नॅनोमीटरचे कण केले तर तो सुमारे 57 चौरस मीटर होतो. आपल्या भाषेत, एक मीटर पन्ह्याचे 57 मीटर कापड! चांदीचा अंश जंतूंना मारतो आणि हे काम पृष्ठभागावरून होते, म्हणून एवढा खटाटोप.

अडचण अशी की मोकळे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात. तेथे ग्राफीन ऑक्साइड कामी येते. पेन्सिलीतले ग्रॅफाइट तीव्र आम्ल व पोटॅशियम परमँगनेटने फोडले (ही हमर्सची रीत 1958 ची) की अणूभर जाडीचे पापुद्रे सुटतात. त्यांवर ऑक्सिजनचे गट असतात. रंगारी भाई जाणतातच की तुरटी दिल्यावर रंग सुताला धरतो. हे गट तसेच धातूला धरून ठेवतात. पापुद्र्यांच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून क्षपण केले की चांदीचे कण त्या चादरीवरच, जरीच्या बुट्ट्यांसारखे, सुटे सुटे बसतात.

याचा दुसरा उपयोग रसायन ओळखण्याचा. कणांवर विषारी वायू किंवा कीटकनाशकाचा अंश बसला की चादरीची विद्युतवाहकता किंवा प्रकाशाचा प्रतिसाद बदलतो, आणि यंत्र तो बदल टिपते. आमच्याकडे मोसंबीचा मोठा व्यापार आहे. फळावरची फवारणी बाजारातच तपासता आली तर बागाईतदाराचे केवढे काम होईल! आपल्या संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्रा. महेंद्र शिरसाट यांच्या संवेदक केंद्रात ग्राफीनसारख्या पदार्थांवर असे काम चालते. सोन्याच्या कणांची करामत तर आपण पाहिलेली आहे. कोविडच्या अनेक किटांवर उमटणारी लाल रेघ सोन्याच्या नॅनोकणांचीच.

औषधाच्या बाबतीत पुणे पुढे आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने 2001 मध्ये बुरशीकडून चांदीचे कण करवून घेतले, 2004 मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण काढले. आघारकर संस्थेत किशोर पाकणीकर व सहकाऱ्यांनी जखमांवर लावण्याचे चांदीच्या कणांचे जेल तयार केले. त्याचा निबंध 2009 चा. ग्राफीनवरचे कण वापरून कर्करोगाची गाठ तापवणे, औषध नेमके पोचवणे वगैरे गोष्टी मात्र मुख्यतः प्रयोगशाळेतल्याच समजाव्यात. हे पापुद्रे शरीरात गेल्यावर कितपत निर्धोक, हा प्रश्न तेथे आहेच.

आता मालाकडे या. 2008 मध्ये अमेरिकेत ॲरिझोनाच्या संशोधकांनी चांदीचे मोजे विकत आणून धुतले. काहींची जवळपास सगळी चांदी चार धुण्यांत पाण्यात गेली, काहींची टिकून राहिली. म्हणजे चांदी आहे का, हे विचारून भागत नाही. ती सुताला कशी बांधली आणि किती धुण्यांनंतर जंतू मरतात, हे विचारा. आयएसओ 20743 या चाचणीचा अहवाल मागा. तो धुतलेल्या कापडाचा असावा, कोऱ्या थानाचा नव्हे. चांदीचे प्रमाण वाढले की कापडावर पिवळसर छटा येते आणि ग्राफीन ऑक्साइडने तपकिरी, हेही पांढरे शर्टिंग घेताना ध्यानात ठेवा.

आणि एजंट चांदीच्या भावाची गोष्ट काढू लागला तर हिशोब त्याच्यासमोर मांडा. त्या तपासणीत सर्वांत जास्त चांदी सापडली ती एक किलो मोज्यांत दीड ग्रॅमहूनही कमी.