कुणाच्या वाट्याला किती?

शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एमआयडीसीतल्या, दौंडमध्ये कुरकुंभच्या कारखान्यांतल्या पाळ्या. दौंड जंक्शनवरून रोज पुणे गाठणारे नोकरदार. नवरा-बायको दोघंही कमावती असली की घरात पहिली ओढाताण होते ती वेळेची.

घरकाम : राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत, पुरुष ९७. २०२४मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत तफावत घटली ती अवघ्या एका मिनिटानं!

सांभाळ : मुलं आणि घरातल्या इतरांची काळजी घेण्यात २०१९मध्ये स्त्रियांची १३४ मिनिटं जात, पुरुषांची ७६.

रजा : प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन अपत्यांसाठी आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत मात्र कंपनीची मर्जी.

पाळणाघर : ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक. दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा, पण आईलाच.

अंगणवाडी : २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेतली ही सोय सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. ती काही तासांचीच, पाळी मात्र आठ तासांची. उरलेले तास आजी किंवा शेजारीण भरून काढते.

करून पाहा : दळण, पाणी, डबे, लसीची तारीख, शाळेची सभा... आठवडाभराची यादी भिंतीवर लावा. कामासमोर ते करणाऱ्याचं नाव लिहा, लक्षात ठेवणाऱ्याचंही.