संगणकाचा कान

दसरा झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या अजून निघायच्या होत्या. धारूरकडच्या एक ताई माझ्या घरी बसून आपली हकीकत सांगत होत्या. ऊसतोड बायांच्या बोलण्याचं एक पुस्तक करावं, असं बरेच दिवस माझ्या मनात आहे. उजवा खांदा आखडल्यापासून मला पान-दोन पानांपलीकडे लिहवत नाही. म्हणून त्या दिवशी मी शहाणपणा केला. संगणकावर विंडोजची कळ आणि ‘एच’ एकदम दाबली, पडद्यावर माइकचं छोटं चित्र आलं आणि ताई बोलतील तशी मराठी अक्षरं उमटू लागली. मी खूश. ताई मात्र थांबल्या. पडद्याकडे बघत म्हणाल्या, “भाऊ, मी बोलायले ते कुठं चाललंय?”

मी म्हणालो, “कुठं नाही ताई, ह्याच डब्यात आहे.”

हे उत्तर चुकीचं होतं. आणि ते चुकीचं आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

ताई सांगत होत्या ते गर्भाशय काढल्याबद्दल. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचा हा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, हे श्रोत्यांना आठवत असेल. पण समितीपुढे सांगणं वेगळं आणि ओळखीच्या घरी चहा पिताना सांगणं वेगळं. ताईंनी नवऱ्यालाही न सांगितलेल्या दोन गोष्टी मला सांगितल्या होत्या. त्या कुठं गेल्या, हे शोधणं मला भाग होतं. माझा एक भाचा पुण्यात संगणकाचंच काम करतो. त्याला फोन करकरून मी जे शिकलो, ते आज सांगतो.

आवाज म्हणजे हवेचा थरथराट. माइक त्याची वीज करतो आणि संगणक त्या विजेची उंची सेकंदाला साधारण १६,००० वेळा मोजून आकडे मांडतो. मग त्या आकड्यांचे बारीक तुकडे पाडतो. एकेक तुकडा सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा, आणि कौलं जशी एकमेकांवर थोडी चढवून बसवतात तसे हे तुकडे. प्रत्येक तुकड्यात कोणता सूर किती जोरात आहे ते बघून हा ‘म’ असावा, हा ‘ओ’ असावा, असा अंदाज बांधला जातो. ‘असावा’ हा शब्द महत्त्वाचा. यंत्राला खात्री कधीच नसते.

पुढची गंमत मला कवी म्हणून फार आवडली. मुशायऱ्यात जाणता श्रोता शायराच्या आधीच काफिया ओळखतो आणि मोठ्यानं म्हणून टाकतो. कीर्तनात बुवांनी अर्धा चरण सोडला की मंडप उरलेला पुरा करतो. यंत्र तेच करतं. आधीचे शब्द बघून पुढं कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा त्याला सराव असतो, आणि कानाला अर्धवट लागलेला शब्द ते त्या सरावावर पुरा करतं. म्हणून ताई ‘मोळी बांधली’ म्हणाल्या तेव्हा पडद्यावर ‘मोठी बांधली’ उमटलं. शहरी मजकुरात मोळीपेक्षा मोठी फार वेळा येते.

आता हा सगळा विचार होतो कुठं? तिथंच माझी चूक झाली होती. एका संध्याकाळी मी इंटरनेटची वायर काढली आणि संगणकाशी मराठी बोललो. एक अक्षर उमटलं नाही. वायर लावली, अक्षरं आली. म्हणजे मी बोललेलं माझ्या टेबलावरच्या यंत्रात उलगडतच नाही. तो आवाज इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या कुठल्यातरी मोठ्या संगणकांकडे जातो, तिथं त्याची अक्षरं होतात आणि नुसती अक्षरं परत येतात. सगळीच सोय अशी नसते. विंडोज ११ मध्ये २०२२ साली आलेलं ‘व्हॉइस अ‍ॅक्सेस’ इंग्रजी बोलणं यंत्रातल्या यंत्रात समजून घेतं. त्याआधी २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून बोलणं ओळखायची सोय होती, तीही यंत्रातच चालायची. पण तिला इंग्रजी, फ्रेंच, जपानी अशा मोजक्याच भाषा येत, भारतातली एकही नाही. ती जुनी सोय २०२४ मध्ये विंडोज ११ मधून रजा घेऊन गेली.

ही कामं करणारे प्रोग्रॅम पडद्यामागं चालत असतात. त्यांना ‘प्रोसेस’ म्हणतात. तहसील कचेरीत खिडकीवर एक माणूस दिसतो आणि आत दहा कारकून असतात, तसं समजा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो आणि आतल्या कारकुनांची हजेरी दिसते. आपल्या विषयातले तीन कारकून ओळखून ठेवा. ‘स्पीच रनटाइम’ हा हल्लीच्या विंडोजमध्ये बोलणं ऐकायच्या कामाला येतो. ‘सॅपी एसव्हीआर’ हा त्या जुन्या सोयीचा, जुन्या संगणकांत अजून भेटतो. आणि तिसरा ‘सीटीएफमॉन’.

या तिसऱ्यापायी मला भुर्दंड पडला. दोन वर्षांपूर्वी संगणक मंद झाला म्हणून मी एका दुकानात नेला. तिथल्या पोरानं हजेरीत सीटीएफमॉन पाहिला, “काका, व्हायरस आहे, तुमचं सगळं बोलणं चोरतोय,” म्हणाला, तो कायमचा बंद केला आणि पाचशे रुपये घेतले. घरी येऊन बघतो तर मराठी कळफलक येईना, आणि शोधाच्या चौकटीत साधं ‘अ’ टाइप होईना. भाच्याला फोन लावला. तो हसला. म्हणाला, “मामू, चोर नै है वो, कारकून है.” आम्ही घरात दखनीच बोलतो. सीटीएफमॉनचं काम एका भाषेतून दुसरीत जाणं, हस्ताक्षर, बोलून लिहिणं अशा लिखाणाच्या सगळ्या वाटा सांभाळण्याचं. पूर्वी तो ऑफिसबरोबर यायचा, तेव्हापासून बिचाऱ्याची बदनामी चालू आहे. मराठी टाइप करणाऱ्यानं तरी त्याला हात लावू नये.

मग खरा आणि खोटा ओळखायचा कसा? नावावर जाऊ नका, पत्ता बघा. टास्क मॅनेजरमध्ये नावावर माउसचं उजवं बटण दाबलं की ‘ओपन फाइल लोकेशन’ असा पर्याय येतो. सीटीएफमॉन आणि स्पीच रनटाइम यांचं घर विंडोजच्या फोल्डरमध्ये, ‘सिस्टिम ३२’च्या आत असतं. त्याच नावाचा कोणी ‘डाउनलोड्स’मध्ये किंवा भलतीकडे राहत असेल तर तो तोतया समजा आणि विंडोजच्याच ‘सिक्युरिटी’ला संगणक तपासायला सांगा. स्पीच रनटाइम फार वेळ चालून संगणक दमवत असेल, तर ‘एंड टास्क’ करायला हरकत नाही. गरज पडली की तो पुन्हा येतो. न बोलावता वारंवार येत असेल तर त्याला कोणीतरी बोलावतंय. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘व्हॉइस अ‍ॅक्टिव्हेशन’ आहे, ते बंद करा. फाइल पुसून टाकायच्या फंदात मात्र पडू नका.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्याच पानावर, ‘मायक्रोफोन’ या नावाखाली आहे. कोणत्या प्रोग्रॅमला माइकची मुभा आहे आणि त्यानं तो शेवटचा कधी वापरला, ते तिथं लिहिलेलं असतं. नको त्याची मुभा काढून घेता येते. सरसकट बंद करायचं तर सगळ्यात वरचं बटण. खाली डेस्कटॉप प्रोग्रॅमसाठी एक वेगळं बटण असतं, ते लोक विसरतात. आणि माइक चालू असेल तेव्हा पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या जवळ, माइकचं बारीक चिन्ह येतं. त्यावर माउस नेला की कोण ऐकतंय त्याचं नाव दिसतं. माझ्या मोठ्या संगणकाला अंगचा माइक नाही, वायरीचा आहे. वायर उपटली की विषय संपला. लॅपटॉपवाल्यांना ही सोय नाही.

एवढं कळल्यावर मनात आलं, या यंत्राला मराठी शिकवली कोणी? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शेतमालाचे भाव फोनवर बोलून विचारता यावेत म्हणून मराठी शेतकऱ्यांचे आवाज जमा केले गेले होते. आपल्या मराठवाडा विद्यापीठातल्या संगणकशास्त्र विभागातही सुटे मराठी शब्द ओळखण्यावर काम झालं. गुगलनं ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून लिहायच्या भाषांत मराठी घेतली, आणि त्याच यादीत उर्दूही होती; माझ्या घरी त्या दिवशी दुहेरी ईद. पण मला सगळ्यात भावलं ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन. त्यात खेड्यातली गरीब माणसं, शहरातली गरीब माणसं आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचं मराठी वाचन ध्वनिमुद्रित केलं. निष्कर्ष असा, की गरिबांनी केलेलं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं होतं. हे सांगायला संशोधन का लागावं, असं मला वाटलं खरं. पण लागलं.

तरी ते वाचन होतं, म्हणजे समोर लिहिलेलं वाचायचं. आपल्याकडे लोक वाचल्यासारखं बोलत नाहीत. ‘मी बोलायले’ म्हणजे मी बोलते आहे. यंत्रानं लिहिलं, ‘मी बोलायला’. वाक्य तिथंच लुळं पडलं. ताईंच्या ‘इस्तू’ची त्यानं ‘इस्त्री’ केली. आणि ‘पोट दुखायलंय’ याचं नेटकं ‘पोट दुखत आहे’ झालं, त्याचा मला जास्त राग आला. इस्त्रीची चूक दिसते तरी. ही दुरुस्ती दिसतसुद्धा नाही. सगळं पुस्तक असं उतरवलं असतं तर धारूरच्या बाईनं सदाशिव पेठेत जन्म घेतला असता.

पुढच्या खेपेला ताई आल्या तेव्हा मी खरं ते सांगितलं. तुमची चार-पाच वाक्यं परदेशी कंपनीच्या यंत्राकडे गेली, तिथं तुमचं नाव-गाव गेलेलं नाही, पण आवाज गेला. उमटलेला मजकूर मी पुसला आहे. त्यांनी विचारलं, “आन् माघारी आणता येत नाही का?” नाही म्हणालो. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

हल्ली त्या सांगतात, मी वहीत खुणेपुरते शब्द टिपतो. त्या गेल्यावर वायर लावून, ज्यात कोणाचं गुपित नाही तेवढंच स्वतःच्या तोंडानं संगणकाला सांगतो, आणि ‘बोलायला’चं ‘बोलायले’ हातानं करतो. उरलेलं डाव्या हातानं लिहायचा सराव चालू आहे. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतं. ताई मात्र अजूनही बसण्याआधी पडद्याचा तो उजवा कोपरा बघून घेतात.